जमीन नाही, मग पाणी कशाला?

प्रश्न : समन्यायी पाणीवाटपात भूमिहीन कुटुंबालाही हिस्सा द्यावा, असं म्हणतात. ज्याच्याकडे गुंठाभर रान नाही, तो पाणी घेऊन करणार काय?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : तुमच्या शेजारच्या खानापूर तालुक्यानेच या प्रश्नाचं उत्तर शोधलं आहे. 1982 च्या मुंबईतल्या कापड गिरणी संपानंतर तिथले अनेक कामगार गावी परतले, तेव्हा शिवारं कोरडी होती. मुक्ती संघर्ष चळवळ या काळात उभी राहिली. येरळा नदीची वाळू ठेकेदार उपसून नेत होते. तीच वाळू थोडी विकून आणि देणग्या जमवून बलवडी-तांदूळवाडीच्या लोकांनी बळीराजा धरण बांधलं. पाणी एकरावर न वाटता कुटुंबावर वाटायचं आणि भूमिहीनांना वगळायचं नाही, हे तत्त्व त्यांनी धरलं. त्याआधी पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीनेही माणशी वाटप करून उसाला मनाई केली होती.

भूमिहीन कुटुंब आपल्या हिश्श्याच्या पाण्यावर दुसऱ्याचं कोरडवाहू रान वाट्याने करू शकतं. एरवी ते फक्त मजुरी मागायला जातं. हाती पाणी असलं की रानमालकाशी ते भागीदार म्हणून बोलतं, आणि पिकातला वाटाही त्याला वाढवून मागता येतो.

पाणी जमिनीच्या प्रमाणात दिलं, तर ज्याचं रान मोठं त्याचाच फायदा मोठा. जमिनीची मालकी तर पिढ्यान्‌पिढ्या जातीने आणि पुरुषाच्या नावाने ठरत आली. म्हणजे सर्वांच्या पैशातून आणलेलं पाणी ती जुनी विषमता आणखी घट्ट करतं. अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी 1971 मध्ये मांडलेली कसोटी इथे लागू पडते : विषमता राहणारच असेल, तर तिच्यातून सर्वांत तळाच्या माणसाचं भलं झालं पाहिजे.

पाणी चळवळीचे नेते नागनाथअण्णा नायकवडी आणि डॉ. भारत पाटणकर यांनी 1993 पासून आटपाडीच्या पाणी परिषदांतून समन्यायी वाटपाची ही मागणी लावून धरली. कराडजवळ कृष्णेतून उचललेलं टेंभू योजनेचं पाणी आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यात पोहोचलं, यात या लढ्याचा मोठा वाटा आहे. पण पाणी येणं ही निम्मी लढाई. एकदा उसाचे फड उभे राहिले की त्यांचं पाणी कमी करणं कोणत्याही सरकारला जड जातं. म्हणून वाटपाचा नियम पाटात पाणी सुटण्याआधी ठरावा आणि तो ठरवणाऱ्या बैठकीत भूमिहीन स्त्री-पुरुषांनाही मत असावं.