परक्याने धरलेला आरसा : जपानी प्रेक्षक आणि परदेशी चित्रपट

आपल्या घराचे चित्र परक्या माणसाने काढले, तर ते पाहताना घरच्या माणसाची नजर प्रथम कोठे जाते? पाहुण्याला रंग भावतात; घरच्याला मात्र चूल चुकीच्या कोपऱ्यात दाखवली आहे, हे आधी दिसते. समाज आणि संस्कृती यांच्या बाबतीतही असेच घडते. जपानवर परदेशी दिग्दर्शकांनी अनेक चित्रपट काढले आणि जपानी प्रेक्षकांनी ते वेगवेगळ्या रीतीने स्वीकारले किंवा नाकारले. आज आपली मुले सारे जग पडद्यावर पाहत वाढत आहेत. म्हणून या प्रतिसादांचा अभ्यास आम्हांस उपयुक्त वाटतो.

प्रथम ‘मेमॉयर्स ऑफ अ गेइशा’ घेऊ. रॉब मार्शल यांचा हा चित्रपट २००५ साली आला आणि जपानमध्ये तो ‘सायुरी’ या नावाने दाखवला गेला. कला-दिग्दर्शन, छायाचित्रण आणि वेशभूषा यांसाठी त्याला ऑस्कर पारितोषिके मिळाली. जपानमध्ये मात्र त्यावर टीका झाली. प्रमुख भूमिका झांग झियी, गाँग ली आणि मिशेल यो या जपानी नसलेल्या अभिनेत्रींनी केल्या होत्या आणि संवाद इंग्रजीत होते. परंतु आक्षेप एवढ्यापुरताच नव्हता. गेइशाची कला वर्षानुवर्षांच्या शिक्षणातून घडते. किमोनो नेसण्याची पद्धत, बसणे, उठणे, चालणे, शामिसेनचे वादन आणि संयत नृत्य या सर्वांत ती दिसते. चित्रपटातील नायिकेचे नृत्य मात्र आधुनिक रंगमंचावरील झगमगत्या प्रयोगासारखे होते. जाणकार जपानी डोळ्यांना तेथे वस्त्र दिसले, त्यामागील साधना दिसली नाही.

याउलट उदाहरण ‘द लास्ट समुराई’ या २००३ सालच्या चित्रपटाचे. एडवर्ड झ्विक दिग्दर्शित या चित्रपटाचे जपानमधील उत्पन्न सुमारे १३७० कोटी येन होते. अमेरिकेतील उत्पन्नापेक्षाही ते अधिक भरले. त्याचा इतिहास काटेकोर आहे असे मात्र नाही. कथानकाला १८७७ सालच्या सात्सुमा बंडाचा आधार आहे. पडद्यावरील बंडखोर समुराई बंदुकीला हात लावत नाहीत. प्रत्यक्षात साइगो ताकामोरी यांच्या सैन्याकडे बंदुका आणि तोफाही होत्या. चित्रीकरणाचा मोठा भाग न्यूझीलंडमध्ये झाला. तरीही प्रेक्षकांनी तो आपला मानला. केन वातानाबे, हिरोयुकी सानादा यांसारख्या जपानी नटांना त्यात भारदस्त भूमिका होत्या आणि चित्रपट समुराईंकडे आदराने पाहत होता.

येथे थोडे थांबून विचार करावयास हवा. एका चित्रपटातील चुका टोचल्या, दुसऱ्यातील पोटात घातल्या गेल्या. आम्हांस वाटते की, गौरव करणारी चूक कोणालाही फारशी टोचत नाही. म्हणून एखादे चित्र आवडले, एवढ्यावरून ते खरे ठरत नाही.

दुखावणाऱ्या चित्राचे उदाहरण म्हणजे ‘द कोव्ह’ हा ताइजी गावातील डॉल्फिनच्या शिकारीवरील अमेरिकी माहितीपट. २०१० साली जपानमध्ये राष्ट्रवादी गटांनी विरोध केल्यामुळे काही चित्रपटगृहांनी त्याचे खेळ रद्द केले. त्या वेळी जपानमधीलच पत्रकार आणि चित्रपटकर्ते पुढे आले. माहितीपटाशी आपण सहमत असू वा नसू, तो पाहण्याची मुभा लोकांना असलीच पाहिजे, अशी भूमिका त्यांनी घेतली. पुढे तो मोजक्या चित्रपटगृहांत दाखवला गेला. एकाच समाजात हे दोन्ही आवाज होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

सर्वांत विलक्षण प्रतिसाद ‘लेटर्स फ्रॉम इवो जिमा’ या २००६ सालच्या चित्रपटाला लाभला. इवो जिमा बेटावर १९४५ साली जपान आणि अमेरिका यांच्यात भीषण युद्ध झाले. त्याच अमेरिकेतील दिग्दर्शक क्लिंट ईस्टवुड यांनी जपानी सैनिकांची बाजू, जपानी नटांकडून, जपानी भाषेत मांडली. सेनापती कुरिबायाशी यांनी कुटुंबाला लिहिलेल्या पत्रांचा त्याला आधार होता. एकेकाळच्या शत्रुराष्ट्रातून आलेल्या या चित्रपटाला जपानी प्रेक्षकांनी मोठी गर्दी केली. त्यात जपानी सैनिक राक्षसही नव्हता आणि देवही नव्हता. घरची आठवण काढणारा माणूस होता.

अलीकडचा ‘परफेक्ट डेज’ हा २०२३ सालचा चित्रपट तर जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्स यांचा. टोकियोतील सार्वजनिक शौचालये साफ करणारा हिरायामा हा त्याचा नायक. या भूमिकेसाठी कोजी याकुशो यांना कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला आणि जपानने तो आपला अधिकृत चित्रपट म्हणून ऑस्करसाठी पाठवला. जपानमध्ये त्याचे कौतुक झाले, तसेच कष्टाच्या कामाला फार सुंदर रूप दिल्याचा आक्षेपही घेतला गेला. श्रमाला प्रतिष्ठा देणे आणि श्रमाचे कष्ट झाकणे यांतील सीमारेषा किती सूक्ष्म असते, हे श्रमाचे मोल जाणणाऱ्या आपल्या वाचकांस वेगळे सांगावयास नको.

या उदाहरणांतून एक कसोटी हाती लागते. आपल्याविषयीचे चित्र पाहताना तीन प्रश्न विचारावेत : बोलणारा कोण आहे आणि कोणाच्या भाषेत बोलतो? त्याने आपले बाह्यरूप पाहिले की त्यामागील जीवन? आणि आपल्याला आलेला आनंद वा राग सत्यामुळे आहे, की केवळ अभिमानामुळे? तिसरा प्रश्न सर्वांत कठीण आहे. कारण तो चित्रकाराला नसून आपल्याला आहे.

शेवटी एक गोष्ट सांगावीशी वाटते. ‘गेइशा’ चित्रपट ज्या कादंबरीवर बेतला होता, तिचे लेखक आर्थर गोल्डन यांनी क्योतोच्या मिनेको इवासाकी यांच्याशी बोलून माहिती मिळवली होती. कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर इवासाकी यांनी गोल्डन यांच्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली आणि २००३ साली ते प्रकरण तडजोडीने मिटले. परंतु त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी आपले आत्मचरित्र स्वतः सांगितले आणि आज जगभरचे वाचक ते वाचतात. परक्याच्या आरशात आपला चेहरा वाकडा दिसला, तर आरशावर रागावता येते. पण स्वतः लेखणी हाती घेणे हे अधिक टिकाऊ उत्तर होय. आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती तशी लेखणी यावी, हीच आमची सदिच्छा.