निविदेत जिल्ह्याचा पत्ता चालतो का?

प्रश्न : अंबाजोगाईत आमचा शाळेची बाकडी बनवणारा छोटा कारखाना आहे. बीडमधील सरकारी निविदांत बाहेरचेच बाजी मारतात. स्थानिक म्हणून आम्हाला प्राधान्य मिळत नाही का?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : केवळ पत्ता बीडचा असल्याने प्राधान्य मिळत नाही, कारण केंद्राच्या २०१७ च्या ‘मेक इन इंडिया’ खरेदी आदेशातील ‘स्थानिक’ पुरवठादार मालातील भारतीय मूल्याच्या प्रमाणावरून ठरतो, जिल्ह्यावरून नव्हे. आपला खरा आधार आहे तो लहान उद्योग असण्याचा. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या २०१२ च्या केंद्रीय धोरणानुसार, मोठ्या उद्योगाचा सर्वांत कमी दर १०० रुपये आणि आपला ११२, म्हणजे फरक १५ टक्क्यांच्या आत असेल, तर १०० रुपयांत पुरवठ्याची तयारी दाखवल्यावर विभागता येणाऱ्या खरेदीतील किमान २५ टक्के वाटा मिळू शकतो. शिवाय बयाणा रक्कम, म्हणजे निविदेसोबत भरावयाची अनामत, माफ असते. हे धोरण केंद्रीय कार्यालये व उपक्रमांपुरते आहे. राज्याच्या कार्यालयांसाठी १ डिसेंबर २०१६ ची खरेदी नियमपुस्तिका असल्याने तेथे निविदेतील सवलतीचे कलम आधी वाचावे. केंद्राच्या सवलतीसाठी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, मात्र उत्पादक म्हणूनच हवी. इतरांचा माल विकणाऱ्या व्यापाऱ्याला ही सवलत लागू नाही, आणि स्वतः उत्पादक असल्याचे खोटे भासवणाऱ्याचे नाव काळ्या यादीत जाऊ शकते.