जागलीवरची दोन पोरं

दारव्हा

चि. छोटू,

तुझी कथा दोनदा वाचली. आवडली, पण शेवट आवडला नाही. शेवटच्या दीड पानावर पेन्सिलीने आडवी रेघ मारून कागद परत पाठवते आहे. खोडरबराने जाईल, रागावू नको. पण रेघ का मारली ते ऐकून घे. चौतीस वर्षं पोरांचे निबंध तपासलेल्या बाईला कारण सांगितल्याशिवाय झोप येत नाही.

आधी चांगलं सांगते. जागलीचं प्रकरण अस्सल उतरलंय. हरभऱ्याच्या वावरात रानडुकरं येतात म्हणून दोघं मचाणावर रात्र काढतात, एका पुडीतला खर्रा दोघांत होतो, एकच घोंगडं असतं आणि तेही एकाच्या आजोबांचं. कुणी कुणाला काही म्हणत नाही, तरी वाचणाऱ्याला सगळं कळतं. आपल्याकडे दोन पोरं गळ्यात हात घालून बाजारभर हिंडली, एका खाटेवर झोपली, एका गाडीवर डबलशीट यवतमाळला जाऊन आली, तरी कुणाची भुवई वर जात नाही. दोस्तीला गावात भरपूर जागा आहे. ती जागा संपते स्थळं यायला लागतात त्या दिवशी. पाहुण्यांसमोर पोह्यांच्या बश्या येतात तिथे तुझी कथा खरी सुरू होते, आणि हे तू न सांगता ओळखलंस. शहरातल्या लेखकाने इथे एखादा दुष्ट बाप किंवा लाठी घेतलेला जमाव आणला असता. तू बायोडेटा आणलास.

एक गोष्ट मात्र तुझ्या नजरेतून सुटली. शेतकऱ्याच्या पोराला आज मुलगी मिळत नाही, हे आपल्या तालुक्यातलं शेंबडं पोरगंही सांगेल. तिशी उलटलेली बिनलग्नाची पोरं प्रत्येक गावात आहेत आणि 'वावर आहे, नोकरी नाही' एवढ्या कारणावर सगळ्यांचं समाधान होतं. मग तुझा शेतात राबणारा नायक या दुःखाच्या आड सहज लपू शकतो. आई त्याच्यासाठी नवस बोलते, गाव हळहळतं, आणि तो मनातून सुटकेचा श्वास टाकतो, मग त्या सुटकेचीही लाज वाटते. हे लिही. असं पात्र मी अजून कुठे वाचलेलं नाही. नोकरी लागलेल्या दुसऱ्या पोराला मात्र हा आडोसा नाही, त्याच्याकडे स्थळांची रांग लागते. दोघांत दरी पडते ती इथे.

आता शेवटाकडे येते. तू शेतातल्या पोराला मारलंस. का मारलंस? नोकरीवाला लग्नाला तयार होतो, शेतातला एकटा पडतो, दीड पानात संपतो. मला वाटतं तुला पुढे काय करायचं ते सुचलं नाही. गोष्टीतलं सगळं दुखणं बरं करायचं काम तू एकट्या प्रेमावर टाकलंस. ते प्रेम गेल्याबरोबर तुझ्याकडे दुसरं काहीच उरलं नाही.

यात तू एकटा नाहीस. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' 1981 मध्ये रंगमंचावर आलं, रोहिणी हट्टंगडींनी सुमित्रा ऊर्फ मित्रा केली. मुलीवर प्रेम करणारी मुलगी मराठी रंगभूमीवर उघड उभी करायला त्या काळात छाती लागत होती, तेंडुलकरांकडे ती होती. पण मित्रा शेवटी जीव देते, आणि आपण तिची गोष्ट तिच्या मित्राच्या, बापूच्या तोंडून ऐकतो. त्या काळात तो शेवट खोटा नव्हता. तरी चाळीसेक वर्षांनी तू तोच का उचलावास? पुढचं मराठी तिथे थांबलेलं नाही. पुण्यात समलैंगिकांसाठी समपथिक ट्रस्ट उभा करणाऱ्या बिंदुमाधव खिरे यांनी 'पार्टनर' लिहिलं (वपुंचं 'पार्टनर' वेगळं, ग्रंथालयात मागताना घोटाळा होतो, आमच्या इथल्या ग्रंथपालाने एकदा तेच देऊन वर 'हेच चांगलं आहे' असं सांगितलं होतं). 2006 मध्ये मौजेने सचिन कुंडलकरची 'कोबाल्ट ब्लू' काढली. भाऊ आणि बहीण, दोघांचंही घरात भाड्याने राहायला आलेल्या एकाच माणसावर प्रेम बसतं आणि तो निघून जातो. त्यात कुणी प्रेमापायी जीव देत नाही. बहिणीचं प्रकरण घराला कळतं, त्यावर आरडाओरडा होतो, पण आरडाओरड्यातही तिच्या दुःखाला पत्ता मिळतो. भावाचं दुःख कुणाला माहीतच नाही, त्यामुळे त्याची समजूत काढायला कोण येणार? वाचताना मला वाटलं, हेच त्या पुस्तकाचं काळीज आहे. ज्या दुःखाला गाव दुःख मानत नाही, त्याला सुतकही नसतं आणि तेरवीही नसते. जखम भरायला आधी ती कुणाला तरी दिसावी लागते.

आणि आता 'साबर बोंडं'. रोहन कानवडेचा हा सिनेमा जानेवारी 2025 मध्ये सनडान्सला ग्रँड ज्युरी पारितोषिक घेऊन आला. तू पुण्यात आहेस, तुला थिएटरात बघता आला असेल. आनंद नावाचा मुंबईत राहणारा मुलगा बाप वारल्यावर गावी दहा दिवस काढायला जातो. तिथे त्याला लहानपणीचा मित्र बाळ्या भेटतो. सुतकाचे नियम आहेत, नातेवाइकांच्या लग्नाच्या चौकश्या आहेत, शेळ्या आहेत, माळरान आहे. दिग्दर्शकाच्या स्वतःच्या वडिलांच्या जाण्यातून ही गोष्ट आली आहे. मला त्यात सगळ्यात मोलाची वाटली ती आई. ती मोठी भाषणं करत नाही. तिला माहीत आहे, आणि माहीत असूनही ती मुलाला जेवायला वाढते, पाहुण्यांपुढे त्याची बाजू सांभाळते. म्हणजे बापाच्या मरणाचं दुःख आणि लपवण्याचा शीण, दोन्हींवर एकट्या बाळ्याचं प्रेम पुरे पडत नाही. आई हवी, मोकळं रान हवं, दहा दिवसांची सक्तीची सवड हवी. तुझ्या कथेत नायकाची आई फक्त रडते. तिला दुसरं काम दे.

तू पुण्याहून मागे मला ती 'हार्टस्टॉपर'ची इंग्रजी चित्रपुस्तकं पाठवली होतीस. आधी नाक मुरडलं, दोन गोऱ्या शाळकरी पोरांची गुलुगुलू गोष्ट म्हणून. पण चौथ्या भागात चार्ली आजारी पडतो, जेवण टाकतो, आणि त्याला रुग्णालयात दाखल व्हावं लागतं. त्याच्या जोडीदाराचं, निकचं, त्याच्यावर जिवापाड प्रेम आहे. तरी त्या प्रेमाने आजार जात नाही, उपचारच घ्यावे लागतात, आणि निकलाही हे शिकावं लागतं की आपण याचा डॉक्टर नाही. पोरांसाठीच्या पुस्तकात इतका शहाणपणा आहे, आणि तू मोठ्यांसाठी लिहितोस.

डॉक्टरवरून आठवलं. तुझ्या कथेत आई त्याला नागपूरला नेते, डॉक्टर गोळ्या लिहून देतो आणि पुढच्या परिच्छेदात गायब होतो. तो डॉक्टर असा सुटता कामा नये. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. 'बदलून देतो' म्हणणारा उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं. पोराला बरं व्हायचं आहे ते भीतीपासून, खोटं बोलण्याच्या सवयीपासून, उडालेल्या झोपेपासून. त्याचं प्रेम हा रोग नाही, आणि म्हणून प्रेमाला औषधही करू नको. हा फरक कथेत कळला पाहिजे, भाषणात नाही. दुसरा, नीट डॉक्टर आणलास तर एका प्रसंगात होईल: तो आईला बाहेर बसवतो आणि पोराला आधी विचारतो, 'झोप लागते का?'

मराठी माणसाला हे अगदी नवं आहे असं समजू नको. र. धों. कर्व्यांनी 1927 मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं. वाचक त्यात असले प्रश्न विचारत आणि कर्वे न लाजता उत्तरं देत. त्या उत्तरांवरून खटला झाला, त्यात समलिंगी संबंधांवरचं उत्तरही होतं, आणि 1934 मध्ये मुंबई हायकोर्टात कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले, दंड भरला, मासिक चालूच राहिलं. मला नेहमी वाटतं, ज्याने तो प्रश्न पाठवला असेल त्याने उत्तर छापून आल्यावर ते किती वेळा वाचलं असेल. तुझी कथाही अशाच कुणाच्या हाती पडणार आहे, एखाद्या आर्णीच्या नाहीतर घाटंजीच्या पोराच्या. त्याला तू शेवटच्या पानावर काय देतोस?

यावर तू म्हणशील, मावशी, खोटा गोड शेवट कसा करू? ई. एम. फॉर्स्टरला हाच प्रश्न पडला होता. हा माणूस देवासला आपल्या पवारांच्या मराठा संस्थानात महाराजांचा खाजगी चिटणीस होता, 1921 मध्ये. त्याआधीच 1913-14 मध्ये त्याने 'मॉरिस' लिहून ठेवली होती. त्यात दोघं पुरुष शेवटी एकमेकांबरोबर राहतात. शेवट सुखाचाच हवा, नाहीतर लिहायचंच नाही, असा त्याचा हट्ट होता. त्याच हट्टापायी ती छापता येईना. दोघं फासावर संपले असते किंवा त्यांनी मिळून जीव दिला असता तर छापणं सोपं गेलं असतं, हे त्याला कळत होतं. कादंबरी 1971 मध्ये आली, तो गेल्याच्या पुढच्या वर्षी. सुखाचा शेवट हाच तिथे गुन्हा होता, आणि दुःखाच्या शेवटाला लोक वास्तव म्हणत होते. तूही तेच म्हणतोस, 'यवतमाळ जिल्ह्यात याहून वेगळं होत नाही.'

होतं रे. 2017 च्या डिसेंबरअखेर यवतमाळच्याच एका मुलाने परदेशातल्या आपल्या जोडीदाराशी यवतमाळच्या हॉटेलात, पाहुण्यांच्या साक्षीने लग्न लावलं. पेपरांत आलं, गावभर चघळलं गेलं. तेव्हा असे संबंध गुन्हा ठरवणारं 377 कलम लागू होतं, त्यातून सोडवणारा सुप्रीम कोर्टाचा निकाल यायला आठ महिने होते, तो 6 सप्टेंबर 2018 ला आला. त्या मुलामागे परदेशातली नोकरी आणि पैसा होता, हे खरं. तुझ्या वावरातल्या पोराकडे ते नाही. पण 'होत नाही' हे वाक्य तुझ्या कथेतून काढ.

आणि वास्तवच हवं असेल तर आपल्या जिल्ह्याचं पुरतं बघ. 1986 मध्ये जीव दिलेले शेतकरी साहेबराव करपे इथल्याच चिलगव्हाणचे. तेव्हापासून शेतकऱ्यांच्या मरणाच्या बातम्या इथे इतक्या झाल्या की लेखकाला मरण फुकट मिळतं. पण 2019 च्या जानेवारीत यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन कुणी केलं आठवतं? नयनतारा सहगलांचं निमंत्रण मागे घेतल्याचा सगळा गोंधळ झाल्यावर वैशाली येडे उभ्या राहिल्या, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी. मागे राहिलेली बाई कशी जगते, हे त्या बोलल्या. मी मंडपात होते. माझ्या पुढच्या रांगेतल्या प्राध्यापकांनी पहिल्यांदाच मोबाइल खिशात ठेवला. मेलेल्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. मागे राहिलेला दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करतो, ही गोष्ट लिहायची बाकी आहे.

तर नोकरीवाल्याचं लग्न होऊ दे हवं तर. शेतातला पोरगा वरातीत नाचेल, सगळ्यांत जास्त नाचेल, लोक कौतुक करतील. नंतर त्याची वेचणी आहे, तुरीची शेंग भरायची आहे, काट्यावर कापूस घालायचा आहे. दोन वर्षं जाऊ दे. मग दुसरा कुणीतरी भेटू दे, कृषी केंद्रात नाहीतर बँकेत. गोड बोलणारा नको, हिशेबाला चोख असलेला असू दे. अशा लग्नाला सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये नाही म्हटलं. पण असे दोघं जॉइंट खातं उघडू शकतात, एकमेकांना नॉमिनी करू शकतात, असं 2024 च्या ऑगस्टमध्ये अर्थ मंत्रालयाने कळवलंय. दारव्ह्याच्या बँकेत दोघं फॉर्म भरतायत, 'नातं' या रकान्यापाशी पेन अडतं, मागे रांगेत ओळखीचा माणूस उभा आहे. माझ्या मते मचाणावरच्या रात्रीपेक्षा हा प्रसंग जास्त प्रेमाचा होईल. आणि पहिल्याची आठवण पुसू नको. बऱ्या झालेल्या माणसाला आठवणी असतात.

एक खाजगी. गोष्टीतलं पोरगं म्हणजे तू की कुणी मित्र, की नुसती कल्पना, हे मी विचारत नाही. सांगायचं झालं तर या घराचं दार ढकललं की उघडतं, तुला माहीत आहे. तुझ्या आईशी मी यातलं काही बोललेले नाही. तू बोलशील त्या दिवशी मला आधी फोन कर, मी सकाळच्या एसटीने येते. आणि मधली एखादी रात्र जड गेली, तर मी झोपलेले असले तरी उठव. मला नाही, तर 14416 वर फोन लाव, सरकारी टेलिमानसचा नंबर आहे, मराठीत बोलतात.

दुसरा खर्डा जानेवारीअखेर हवा. अक्षर मोठं छाप, माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं आहे. आणि पान अकरावर रोह्यांचा कळप तुरीत शिरतो तेव्हा नायक शिट्टी मारतो असं लिहिलंस. रोही शिट्टीला भीत नाहीत, डबा बडवावा लागतो. मामाला विचारून दुरुस्त कर.

तुझी
मावशी