जुनं लाकडी घर घेताना

महाड-पोलादपूरकडे जुनी कौलारू घरं विकायला निघतात आणि मुंबई-पुण्याला असलेले आपलेच चाकरमानी ती हौसेने घ्यायला येतात. सागवानी खांब, रुंद तुळया, माळ्याची पाटणी पाहून माणूस हरखतो. त्यात वैशाखात आला असेल तर विचारूच नका, घर कोरडं ठणठणीत असतं. माझं सांगणं असं, की घर उन्हाळ्यात पसंत करा, पण बयाणा श्रावणात एकदा पाहून मगच द्या.

मावसभावासाठी पोलादपूरच्या बाजूला आम्ही एक घर पाहिलं होतं. खांबांना नुकताच तेलाचा हात दिलेला, दारं चकचकीत. सोबत आमच्या ओळखीचे वयस्क सुतार होते. त्यांनी खांबांकडे पाहिलंही नाही. शिडी लावून वळचणीची चार कौलं सरकवली आणि वाशाचं भिंतीवर टेकलेलं टोक मला दाखवलं. दिसायला वासा धडधाकट. टोच्या लावला तो मुठीपर्यंत आत गेला आणि काळा, ओला भुसा घेऊन बाहेर आला. "वासा मधे मरत नाय दादा, टोकाला मरतो," ते म्हणाले. व्यवहार तिथेच थांबवला.

तेव्हापासून मी सांधे आधी पाहतो. घरात पाणी मुरतं ते सांध्यातच: आढ्याखाली, तुळई भिंतीत शिरते तिथे, खांबाची कूस तळखड्यात बसते तिथे. या जागी टोच्या लावू द्यायला सांगा. भिंतीवरून चढलेल्या मातीच्या नळ्या दिसल्या तर ती वाळवी. लाकडाला बारीक भोकं असतील तर खाली हात फिरवून बघा. ताजी, फिकट भुकटी हाताला लागली तर कीड अजून जिवंत आहे. आणि सगळं घर जुनं असताना एकाच खांबाला नवा रंग का, हे विचारायला लाजू नका. सागाचा खांब बदलणं सोपं नाही. स्वतःच्या जागेतलं झाड असलं तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही.

महाड शहरात प्रश्न वेगळा. वर महाबळेश्वरला पाऊस कोसळतो आणि खाली बाणकोटच्या खाडीला भरती असते, तेव्हा सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरतं. 2005 ला शिरलं, 22 जुलै 2021 ला तर तळमजले बुडाले. पाणी कुठवर आलं होतं हे मालकापेक्षा शेजारच्या दुकानदाराला विचारा. तो भिंतीवर बोट ठेवून दाखवतो. पूर पाहिलेल्या खांबाच्या खाचेत गाळ सुकून बसतो आणि दर पावसात ओल धरतो. जलसंपदा विभागाच्या नकाशावर घर निळ्या पूररेषेच्या आत आहे का, तेही पाहा. आत असेल तर उद्या पाडून नवं बांधायला परवानगी मिळणं कठीण.

वाडीवरचं घर असेल तर मागचा डोंगर आधी पाहा. 2021 च्या त्याच पावसात तळिये गावात दरड कोसळून 80 हून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरडी आल्या. उताराला नव्या भेगा, तिरकी झालेली झाडं, एकाएकी गढूळ झालेला झरा यांतलं काहीही दिसलं तर लाकूड कितीही चांगलं असो, तिथे राहायला जाऊ नका.

कागद वकिलाकडून तपासून घ्यालच. वारसांपैकी मुंबईला असलेल्या बहिणींच्या सह्या आहेत ना, एवढं स्वतः बघा.

आणि बयाणा देण्याआधी चार कौलं काढून पाहू न देणाऱ्याचं घर घेऊ नका.