ओपन, क्लोज आणि एम-थ्री

'मटका' हा शब्द कॉलेजच्या मासिकात वाचून दचकू नका. हा लेख आकडा कसा लावावा यावर नाही, तर लावणारा का हरतो यावर आहे. एम-थ्रीत आपण संभाव्यता शिकतो. (मी कॉन्व्हेंटवाला, त्यामुळे मला आधी 'प्रोबॅबिलिटी' कळली, 'संभाव्यता' मागाहून!) पण फासे आणि रंगीत चेंडूंपेक्षा आमच्या नांदगावात कानावर पडणारं "ओपन काय आला?" हे उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं.

आधी थोडा इतिहास. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचा उघडताना आणि बंद होतानाचा भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईत यायचा आणि त्यावर पैजा लागायच्या. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथलेच. ते भाव यायचे थांबल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला. चिठ्ठ्या मडक्यात घालून काढायच्या म्हणून 'मटका'. पुढे पत्ते आले. 'कल्याण' मटका हे नाव गावावरून नाही, कल्याणजींवरून पडलं. गिरणगावातला कामगार हे त्याचं मोठं गिऱ्हाईक.

आता रचना. ० ते ९ मधली तीन पानं काढायची. समजा २, ५, ८ आली. बेरीज १५, शेवटचा अंक ५, हा ओपन. नंतर पुन्हा तीन पानं: १, ४, ६. बेरीज ११, म्हणून क्लोज १. जोडी झाली ५१. तीन पानांचे एकूण २२० प्रकार होतात आणि प्रत्येक आकड्याच्या वाट्याला बरोबर २२ येतात. म्हणजे कुठलाच आकडा लाडका नाही. प्रत्येकाची शक्यता दहात एक.

आमच्या गल्लीतले एक हमाल काका जुन्या निकालांची वहीच ठेवतात. रोजच्या मजुरीतले ५० रुपये आकड्यावर जातात. एकदा मला म्हणाले, "तू इंजिनिअरिंगला ना रे? मग सांग, गेल्या पंधरा ओपनमध्ये पंजा नाही आला. आता तरी येणारच ना?"

उत्तर: नाही. पत्त्यांना कालचं काही आठवत नाही. पंधरा सोडतींत पंजा एकदाही न येण्याची शक्यता ०.९ चा पंधरावा घात, म्हणजे २० टक्क्यांहून थोडी जास्त. त्यात नवल काहीच नाही.

खरी गोम भावात आहे. सोडत अगदी प्रामाणिक धरली तरी साधारण भाव रुपयाला नऊ. दहाही आकड्यांवर दहा-दहा रुपये लावा: गेले १००, आले ९०. जोडीला रुपयाला नव्वद आणि जोड्या शंभर, म्हणजे तिथेही दहा टक्के कापले. ओपनला जिंकलेले सगळे क्लोजवर लावले तर दोनदा कात्री लागते, शंभरातले सरासरी ८१ उरतात. असंच परत येईल ते लावत राहिलं तर दहा फेऱ्यांनी सरासरी ३५ रुपये उरतात.

"पण आकड्यात अभ्यास नाही, खेळावरच्या सट्ट्यात असतो," असं कुणी म्हणेल. ठीक, तेही पाहू. अमेरिकेतल्या एनबीए बास्केटबॉलचा सामना ४८ मिनिटांचा. पहिल्या २४ मिनिटांत दोन्ही संघांचे मिळून किती गुण होतील यावर तिथे वेगळा सट्टा चालतो. हाही एक 'ओपन'च! बुकी समजा ११२.५ आकडा देतो; आपण 'जास्त' किंवा 'कमी' म्हणायचं. अर्धा गुण अशासाठी, की बरोबरी होऊच नये. संघ किती वेगाने खेळतात, कोण जखमी आहे, याचा अभ्यास करता येतो हे खरं. पण तो अभ्यास बुकीनेही केलेला असतो आणि त्याचा आकडा त्यातूनच येतो. शिवाय नेहमीचा भाव ११० लावून १०० जिंकण्याचा. म्हणजे नुसतं नुकसान टाळायलाच शंभरात ५२ हून जास्त वेळा बरोबर ठरावं लागतं.

आपल्याकडे जुगाराविरुद्ध १८८७ पासून कायदा आहे, २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवरही बंदी आली. पण कायद्याआधी एक हिशेब प्रत्येकाला करता येतो. समोर कुठलाही असा खेळ आला की विचारा: सगळ्याच पर्यायांवर सारखे पैसे लावले तर परत किती येतील? लावल्यापेक्षा कमी येत असतील, तर मधले पैसे कुणाच्या खिशात गेले हे सांगायला एम-थ्री लागत नाही. काकांच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी हाच हिशेब लिहून दिला आहे.