कमरेच्या ऑपरेशननंतर : जोडीदाराने किती करावे, किती करू नये?

कमरेच्या मणक्याचे ऑपरेशन झालेला रुग्ण बहुधा दोन-चार दिवसांत घरी येतो. शल्यविशारदाचे काम तिथे बरेचसे संपलेले असते. पुढचे दीड-दोन महिने मात्र घरच्या माणसाचे असतात, आणि घरचे माणूस म्हणजे बहुतेक वेळा नवरा किंवा बायको. आपल्याकडे ऑपरेशनसाठी मोठ्या शहरात जावे लागते. पण नंतर टाके दाखवायला, गोळ्यांचे विचारायला रुग्ण गावातल्या डॉक्टरकडेच येतात. त्यामुळे ऑपरेशननंतर घराघरांत काय चालते, हे माझ्यासारख्या जनरल प्रॅक्टिशनरला जवळून पाहायला मिळते.

इतक्या वर्षांत एक गोष्ट मला सतत दिसत आली आहे. ऑपरेशन नवऱ्याचे असेल, तर बायको त्याला नको इतके दिवस झोपवून ठेवते. ऑपरेशन बायकोचे असेल, तर ती नको इतक्या लवकर कामाला लागते आणि घरात कोणी तिला थांबवत नाही. पहिल्या घरात काळजी जास्त होते, दुसऱ्या घरात कमी पडते. नुकसान दोन्हीकडे पाठीचेच होते. आजचा लेख या दोन्ही घरांसाठी आहे.

ऑपरेशनमध्ये नेमके काय होते?

कमरेच्या भागात पाच मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये एक लवचिक चकती असते. तिचे बाहेरचे वेष्टण चिवट आणि आतला गाभा मऊ असतो. वेष्टण फाटून गाभा मागे सरकला की तो पायाकडे जाणाऱ्या नसेवर दाब आणतो. कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कळ येते, मुंग्या येतात. लोक याला ‘गादी सरकली’ किंवा ‘सायटिका’ म्हणतात. या दुखण्याचे मूळ फाटलेल्या चकतीत असते आणि शस्त्रक्रियेने ते दूर करता येते, हे अमेरिकेतील बोस्टन शहरातल्या मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी १९३४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात मांडले.

चकतीच्या नेहमीच्या ऑपरेशनमध्ये नसेवर दाबणारा तुकडा काढतात. सगळी चकती काढत नाहीत. दाब गेला की पायातली कळ बहुधा लवकर कमी होते. बधिरपणा आणि अशक्तपणा जायला मात्र काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात. तेवढ्यावरून ‘ऑपरेशन फसले’ असा निष्कर्ष काढू नये.

वेष्टणाला पडलेले भोक भरायला वेळ लागतो, हे मात्र नीट लक्षात ठेवले पाहिजे. स्वीडनचे डॉ. नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात माणसाच्या चकतीत सुई घालून वेगवेगळ्या स्थितींत तिच्यावर किती दाब पडतो ते मोजले. आडवे पडल्यावर तो सर्वांत कमी, उभे राहिल्यावर त्याहून जास्त, आणि पुढे वाकून वजन उचलताना फार जास्त भरला. म्हणजे ऑपरेशननंतर जपायचे ते वाकणे, कमरेतून वळणे आणि वजन उचलणे या तीन गोष्टींपासून. सपाट जमिनीवर चालणे यात येत नाही. एवढे समजले की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

‘अहो, उठू नका, मी देते ना’

पूर्वी कमरेचे दुखणे म्हटले की आठवडेच्या आठवडे अंथरूण धरायला सांगत. ऑपरेशन न झालेल्या साध्या कंबरदुखीबद्दल १९८६ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काही रुग्णांना दोन दिवस आणि काहींना सात दिवस विश्रांती सांगितली होती. दोन दिवसवाल्यांचे कामाचे दिवस कमी बुडाले, आणि सात दिवसवाल्यांना जास्त झोपून काही अधिक फायदा झाला नाही. आता चकतीच्या ऑपरेशननंतरही रुग्णाला बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभे करतात.

घरी आल्यावर मात्र चित्र बदलते. माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांना त्यांच्या पत्नीने महिनाभर पलंगावरून उतरू दिले नाही. चहा, जेवण, दाढीचे पाणी, सगळे हातात. सेवेत तसूभर कमी नव्हती. पण महिन्यानंतर गुरुजींच्या मांड्या बारीक झाल्या होत्या, पोट साफ होत नव्हते आणि दहा पावले टाकताना दम लागत होता. शिवाय ‘आपली पाठ आता काचेची झाली’ ही भीती मनात बसली होती. जखम उत्तम भरली होती. ही भीती काढायला मात्र पुढे दोन महिने लागले.

सतत पडून राहिल्याने पायाच्या रक्तवाहिनीत गाठ होण्याचा धोकाही वाढतो. म्हणून वहिनींनी पतीसाठी करायचे ते असे.

उठवताना हात धरून ओढू नये. त्यांना आधी गुडघे वाकवायला सांगावे, मग खांदा, कंबर, गुडघे एकदमच वळवून कुशीवर यायला सांगावे, जसा लाकडाचा ओंडका वळतो तसे. मग पाय पलंगाखाली सोडायचे आणि त्याच वेळी हाताने गादीवर रेटा देऊन बसते व्हायचे. आपला हात फक्त त्यांच्या खांद्यामागे आधाराला. झोपताना हेच उलट्या क्रमाने. पलंग गुडघ्याइतका उंच असावा. पहिले सहा आठवडे जमिनीवरचे अंथरूण नको.

चालणे घड्याळ लावून करावे. पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात पाच-पाच मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा. दुसऱ्या आठवड्यापासून अंगणात दहा-पंधरा मिनिटे. झेपेल तसे वाढवत सहा आठवड्यांत सलग अर्धा तास. सोबत जावे, पण हात धरून नव्हे, शेजारून चालावे. बसणे मात्र एका वेळी वीस-तीस मिनिटांपेक्षा जास्त नको, तेही पाठीला टेकू असलेल्या खुर्चीत. मांडी घालून किंवा पाटावर बसणे नको. शौचासाठी कमोड नसेल तर कमोडची खुर्ची भाड्याने आणावी.

आणि दर तासाला ‘किती दुखतंय?’ असे विचारू नये. ‘आज किती चाललात?’ असे विचारावे. ज्याची चौकशी होते त्याकडे रुग्णाचे लक्ष जाते.

‘अगं, आता टाके निघाले ना?’

दुसरे घर याच्या उलट. टाके दहा-चौदा दिवसांत निघतात. वरची कातडी जुळलेली दिसते आणि घर असे धरून चालते की आई बरी झाली. कोणी तिला कामाला लाव असे म्हणत नाही. पण सिंकमध्ये भांडी साचतात, कपडे बादलीत भिजत पडतात, आणि ती उठते. बाईला काम दिसते आणि बाकीच्यांना दिसत नाही, हा आपल्या घरांचा जुना रोग आहे. मणक्याच्या ऑपरेशननंतर तो महागात पडतो. याच चकतीतून पुन्हा तुकडा सरकण्याचे प्रमाण साधारण शंभर रुग्णांत पाच ते दहा इतके सांगितले जाते. ते पूर्णपणे आपल्या हातात नाही. पण जे हातात आहे ते तरी सोडू नये.

आता वजनांचा हिशेब करू. पहिल्या सहा आठवड्यांत दोन-तीन किलोहून जास्त वजन उचलू नये, असे बहुतेक शल्यविशारद सांगतात. पंधरा लिटर पाण्याची भरलेली बादली पंधरा किलोची. घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये गॅसच १४.२ किलो असतो. टाकीचे वजन धरून ते तीस किलोच्या आसपास जाते. वर्षाचा नातू आठ-दहा किलोचा. पिळलेले ओले लुगडे किंवा चादर तारेवर टाकताना वजन, वळणे आणि ताणणे तिन्ही एकदम येतात. खाली बसून फरशी पुसण्यात वाकणे आणि वळणे दोन्ही आहे.

म्हणून नवऱ्याने ‘तू काही करू नकोस’ असे नुसते म्हणून भागत नाही. काम कोणी करायचे ते ठरवावे लागते. पाणी भरणे, कपडे, केरफरशी, सिलिंडर आणि बाजारहाट ही पाच कामे सहा आठवडे कोणाकडे, हे ऑपरेशनच्या आधीच वाटून घ्यावे. स्वतः करा, मुलांना लावा, शक्य असेल तर बाई ठेवा. सूनबाई असेल तर सगळे तिच्या गळ्यात टाकू नका.

आमच्या गावातल्या एका किराणा दुकानदाराने केलेली युक्ती मी आता सर्वांना सांगतो. पत्नी दवाखान्यात असतानाच त्याने स्वयंपाकघर नव्याने लावले. पिठाचा डबा, कुकर, तवा, रोजची डाळ-तांदळाची बरणी, जे जे खालच्या कप्प्यात किंवा माळ्यावर होते ते सर्व ओट्याच्या उंचीवर आणले. गुडघ्याच्या खाली आणि खांद्याच्या वर रोजच्या लागणीची एकही वस्तू ठेवली नाही. खर्च शून्य. त्या बाई तीन आठवड्यांनी ओट्याशी उभ्या राहून चहा-भाजी करू लागल्या आणि त्यांना एकदाही वाकावे लागले नाही. दोन दुकानांतून गोळ्या आणण्यापेक्षा हे औषध मोठे आहे.

चालण्याचे नियम तिलाही तेच. पण ‘घरात दिवसभर फिरतेच की’ हे चालणे नव्हे. तिला अर्धा तास घराबाहेर नेणे हे नवऱ्याचे काम समजावे.

दोघांनाही लागू असलेल्या गोष्टी

औषधे वेळापत्रकाप्रमाणे द्यावीत. ठरलेल्या गोळ्यांशिवाय मेडिकलमधून आणखी वेदनाशामक आणू नये, मूत्रपिंडाला आणि जठराला ते मानवत नाही. नसेच्या दुखण्यावरच्या काही गोळ्यांनी गुंगी येते, म्हणून रात्री संडासच्या वाटेवर दिवा ठेवावा आणि ओली फरशी कोरडी करावी. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये; कुंथल्याने कमरेत कळ जाते. भरपूर पाणी, भाज्या, फळे आणि डॉक्टरांनी सांगितल्यास इसबगोल. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवावी, नाहीतर जखम चिघळू शकते.

तंबाखू, बिडी, मिश्री बंद. विशेषतः स्क्रू घालून मणके जोडण्याचे ऑपरेशन झाले असेल, तर निकोटिनमुळे हाड जुळायला अडथळा येतो. त्या ऑपरेशनमध्ये हाड पक्के व्हायला तीन ते सहा महिने, कधी त्याहून जास्तही लागतात. तेव्हा वर दिलेली आठवड्यांची गणिते तिथे लावू नयेत. आपल्या शल्यविशारदाने दिलेली मुदत हीच अंतिम. कंबरेचा पट्टाही त्यांनी सांगितला तेवढेच दिवस वापरावा. जखमेभोवती मालीश किंवा कोणाकडून मणका ‘बसवून घेणे’ कटाक्षाने टाळावे. दुचाकी साधारण सहा आठवडे नको.

भेटायला येणाऱ्यांचे काय करायचे, हेही जोडीदारानेच पाहावे. पाहुणा तासभर बसला की रुग्णही भिडेखातर तासभर बसतो. वर ‘आमच्या साडूचे ऑपरेशन झाले आणि पायच गेले’ अशी एखादी कथा ऐकवली जाते. ‘यांची चालायची वेळ झाली’ असे सांगून रुग्णाला उठवावे. कोणी रागावत नाही.

विचारायला संकोच वाटतो अशी एक गोष्ट म्हणजे पतीपत्नीचे संबंध. चकतीच्या साध्या ऑपरेशननंतर चार-सहा आठवड्यांनी, दुखणे कमी असल्यास, बहुधा हरकत नसते. ज्याचे ऑपरेशन झाले त्याच्या कमरेवर ताण येणार नाही एवढे पाहावे. तोपर्यंतचा दुरावा मनावर घेऊ नये, आणि टाके काढायला जाल तेव्हा डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे.

शेवटी, शुश्रूषा करणाऱ्यालाही कंबर असते. रुग्णाला उचलू नका. त्याला स्वतः उठायला लावा. तुमचे स्वतःचे रक्तदाबाचे किंवा मधुमेहाचे औषध या धावपळीत चुकवू नका.

वेळ न दवडता दवाखाना गाठा

लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या आतल्या बाजूला व बसण्याच्या जागेवर बधिरपणा येणे, पायातली शक्ती वाढत्या प्रमाणात कमी होणे : यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री निघा. नसांवरचा असा दाब लवकर काढला नाही, तर अपंगत्व कायमचे राहू शकते. एक पोटरी सुजून दुखू लागली, छातीत दुखले किंवा धाप लागली तरीही तसेच. ताप, जखमेतून पू किंवा पाण्यासारखा स्राव, उठून बसताच जोराचे डोके दुखणे, यांसाठी त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. ही लक्षणे रुग्ण लाजेने किंवा भीतीने लपवतो, विशेषतः लघवीची. जवळच्या माणसाने ती स्पष्ट विचारावीत.

ऑपरेशनला निघण्याआधी दोघांनी एकदा शांतपणे बसावे आणि एका कागदावर दोन रकाने आखावेत : रुग्णाने स्वतः करायचे काय, आणि त्याच्यासाठी दुसऱ्याने करायचे काय. पहिल्या रकान्यात चालणे, उठणे, आंघोळ, जेवण. दुसऱ्यात वाकणे आणि उचलणे आले ते सर्व. नवऱ्याचे ऑपरेशन असेल तर पहिला रकाना रिकामा राहू देऊ नका. बायकोचे असेल तर दुसरा. तो कागद सहा आठवडे स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावून ठेवावा.