दूरवैद्यक आणि मूत्रपिंडाचे रुग्ण

कोकणातील गाव एका जागी वसलेले नसते. ते वाड्यावाड्यांत विखुरलेले असते आणि मध्ये व्हाळ, घाटी नाहीतर सडा असतो. अशा प्रदेशात ज्याची मूत्रपिंडे निकामी झाली, त्याला आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिसच्या यंत्रापाशी जावे लागते. एका वेळी चार तास यंत्रातून मिनिटाला सुमारे अर्धा लिटर द्रव वाहतो, म्हणजे १२० लिटर द्रव लागतो. त्यासाठीचे शुद्ध पाणी आणि अखंड वीज वाडीवर कोठून आणणार? २०१६ साली केंद्र सरकारने जिल्हा रुग्णालयांसाठी डायलिसिसची राष्ट्रीय योजना आखली आणि गरिबाचा उपचाराचा खर्च वाचला. पण राजापूर-संगमेश्वरच्या आतल्या गावातून येणाऱ्याचा रोजगार बुडतो, सोबत्याचाही बुडतो.

येथे दूरवैद्यकाचा विचार येतो. इस्रोने २००१ पासून उपग्रहाच्या साहाय्याने त्याचे प्रयोग केले. पुढे २०१९ मध्ये ई-संजीवनी आली आणि मार्च २०२० मध्ये दूरस्थ सल्ल्याचे नियमही झाले. 'फोनवरून रक्त कसे शुद्ध होणार?' असे कोणी विचारील. ते होणार नाही हे खरेच. परंतु यंत्र हा या आजाराचा शेवटचा टप्पा होय. त्याआधी मधुमेह व रक्तदाब वर्षानुवर्षे मूत्रपिंड पोखरीत असतात आणि त्याची चाहूल आकड्यांतून लागते: रक्तदाब, वजन, क्रिएटिनिन, लघवीतील प्रथिने. माझ्या मते हा आजार दूरवैद्यकाला विशेष अनुकूल आहे तो यामुळेच. मोडलेले हाड तारेवरून बसवता येत नाही, पण आकडा जसाच्या तसा पोहोचतो.

पथ्याचेही तसेच. आजाऱ्याला शहाळे देणे हा आपल्याकडचा मायेचा रिवाज. पण निकामी मूत्रपिंड पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाही आणि शहाळ्यात ते भरपूर असते. ते रक्तात वाढले की हृदयाचे ठोके बिघडतात. पेज ही 'जेवण' म्हणून घेतली तरी हिशेबात ती पाणीच, आणि सुक्या खाऱ्या मासळीने तहान वाढते ती वेगळीच. हे सांगायला मुंबईच्या तज्ज्ञाने समोर असण्याची गरज नाही, मात्र घरात काय शिजते ते त्याने विचारले पाहिजे.

पावसाळ्यात लावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिस येतो. उंदराच्या मुतातील जंतू चिखलातून पायाच्या भेगांत शिरतात आणि काही दिवसांत लघवी बंद होऊ शकते. वेळीच उपचार झाल्यास हे मूत्रपिंड बहुधा पूर्ववत होते. ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरला त्याच घटकेला तज्ज्ञाशी बोलता आले, तर रोग्याला ठेवावे की हलवावे हे ठरते. दूरवैद्यकाचे सर्वांत मोठे मोल मला येथे दिसते.

पोटातील पडद्याद्वारे घरी करावयाचे डायलिसिसही आहे. दोन लिटरची पिशवी दिवसातून तीन-चार वेळा पोटात सोडायची आणि काढायची. बाहेर आलेला द्रव गढूळ दिसला तर जंतुसंसर्गाची शंका घ्यावी. एक छायाचित्र पाठवले की डॉक्टरला ते कळते.

अडचणी लहान नाहीत. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले तेव्हा वीज, रस्ता आणि फोन एकदमच गेले. म्हाताऱ्या माणसाला पडदा हाताळता येत नाही. शेजारी आशाताई किंवा परिचारिका हवी आणि तिच्यापाशी बिनचूक वजनकाटा हवा. शिवाय वर मी आकड्याची थोरवी सांगितली, पण आकडा मुळात खरा असावा लागतो. रक्ताचा नमुना उन्हात एस.टी.तून खडखडत तासन्‌तास गेला तर रक्तपेशी फुटतात आणि पोटॅशियम नसतानाही वाढलेले दिसते. तेव्हा पहिला पैसा शहरातल्या मोठ्या पडद्यावर न घालता तालुक्याच्या प्रयोगशाळेवर घालावा. तज्ज्ञ मग मुंबईत बसला तरी चालेल.